मीठ-साखर पडण्याआधीचा वाटा

एप्रिल संपत आला की आमचा गोटू जेवणाकडे पाठ फिरवतो. ताटलीजवळ येतो, वास घेतो आणि परत जाऊन मोरीच्या दारात, ओल्या फरशीवर पोट टेकून पडतो. लॅब्राडोरने जेवणाला नाही म्हणावं म्हणजे काय, हे ज्यांनी लॅब पाळलाय त्यांनाच कळेल. नागपुरात ४४-४५ अंश ही काही बातमी होत नाही. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला, तेव्हा कुठे लोकांनी एकमेकांना फोन करून ‘बरे आहात ना’ विचारलं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, इथली माणसं खिशात कांदा ठेवतात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात, दुपारी दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडून राहतात. कुत्र्याला अंगावरचा केसाळ कोट काढून ठेवता येत नाही आणि तहान लागली असं सांगताही येत नाही.

गोटू आता दहा वर्षांचा आहे. मागच्या पायांचे सांधे धरलेत. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात आणि तो बैठकीत, एवढ्याशा अंतरासाठी उठायचं त्याच्या जिवावर येतं. भांडं उचलून त्याच्या तोंडाशी नेलं तर दोन घोट घेतो आणि मान वळवतो. आमच्या पशुवैद्य डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती किती हळू खाली बसते ते मला दाखवलं, हिरड्यांवरून बोट फिरवून त्या चिकट लागतात का ते पाहिलं आणि म्हणाल्या, “उन्हाळ्यात भूक थोडी कमी झाली तर चालतं. पाणी कमी झालं तर चालत नाही. पाणी पीत नसेल तर त्याला पाणी खाऊ घाला.”

पाणी खाऊ घालायचं! घरी येताना मी त्याच वाक्याचा विचार करत होते. घरात दही होतं, अर्धं टरबूज होतं, फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे होता. टरबुजाच्या लाल गरातल्या बिया काढल्या, काटेचमच्याने गर चेचला, त्यात तेवढंच साधं दही फेटून ट्रेमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन चौकोन एका पसरट स्टीलच्या ताटलीत टाकून गोटूपुढे ठेवले. त्याने आधी नाक लावलं आणि दचकून मागे घेतलं. मग जिभेचं टोक. मग पुढचे दोन्ही पंजे ताटलीच्या काठावर ठेवून, डोळे अर्धे मिटून, तो चाटायला लागला. ताटली फरशीवरून सरकत भिंतीला जाऊन टेकली आणि हा पोटावर सरपटत तिच्यामागे. दोन्ही चौकोन संपल्यावर तो ताटलीतलं उरलेलं गुलाबी पाणी प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत. भांड्यातल्या पाण्याला नाही म्हणणारा कुत्रा ताटलीतलं पाणी पीत होता.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे त्याच दुपारी हिशोब करून पाहिला. शंभर ग्रॅम बर्फ. फ्रीजरमधल्या उणे अठरापासून शून्यापर्यंत यायला तो ग्रॅममागे साधारण नऊ कॅलरी उष्णता घेतो, वितळायला ऐंशी, आणि पुढे शरीराच्या तापमानापर्यंत यायला आणखी अडतीस-एकोणचाळीस. म्हणजे सगळी मिळून सुमारे बारा-तेरा किलोकॅलरी. गोटूचं वजन ३२ किलो. त्याचं अंग एका सेल्सिअस अंशाने थंड करायला सव्वीस-सत्तावीस किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतील. तेव्हा शंभर ग्रॅम बर्फ पोटात गेल्याने त्याचं तापमान उतरेल ते फार तर अर्धा अंश, तेही एका दमात गिळला तर. चाटत चाटत वीस मिनिटं लावली तर तेवढ्या वेळात शरीर स्वतःच नवी उष्णता तयार करत असतं. पण हेच शंभर ग्रॅम पाणी त्याच्या जिभेवरून, नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरावरून वाफ होऊन उडालं, तर ते ग्रॅममागे पावणेसहाशेच्या घरात कॅलरी घेऊन जातं. बर्फाच्या गारव्याच्या चौपटीहून जास्त.

हा हिशोब झाल्यावर माझ्या डोक्यात सगळं नीट बसलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी त्याला पंजांच्या गाद्यांवर तेवढ्या. तो धापा टाकतो, मिनिटाला तीनशेच्या वर श्वास घेऊ शकतो आणि ओल्या जिभेवरून हवा खेळवतो. हे यंत्र आमच्या खिडकीतल्या कूलरसारखंच चालतं: टाकीत पाणी आहे आणि बाहेरची हवा कोरडी आहे तोवर गारवा. टाकी कोरडी पडली की पंखा नुसती गरम हवा फेकतो. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला राहते, तिच्याकडे कूलर चालतच नाही, कारण हवेतच पाणी भरलेलं. आणि म्हणूनच तिच्या गावठी कुत्रीला ३५ अंशांतही जो त्रास होतो, तो इथल्या कुत्र्यांना कोरड्या चाळिशीत होत नाही. तेव्हा फ्रीजरमधला खाऊ द्यायचा तो गोटूची टाकी भरण्यासाठी. गार असल्यामुळे तो हौसेने खातो, हळू खातो, दुपारची अर्धी घटका त्याला काम मिळतं. अंग थंड करायचं काम पुढे त्यातलं पाणी करतं.

एकदा हे कळल्यावर कशात काय घालायचं याची दिशा ठरली. जास्तीत जास्त पाणी, कमीत कमी साखर, मीठ नाही, चरबी नाही. आपल्या उन्हाळ्याच्या स्वयंपाकघरात याला लागणारं सगळं असतं. अडचण एवढीच, की कुत्र्याला चालणारी वस्तू आणि त्याला घात करणारी वस्तू एकाच ओट्यावर, एकाच पातेल्यात असते. दही चालतं, श्रीखंड नाही. ताक चालतं, मठ्ठा नाही. आंब्याची फोड चालते, कोय नाही. म्हणून मी घरात एकच नियम केला: मीठ-साखर पडण्याआधी गोटूचा वाटा बाजूला निघाला पाहिजे. नंतर कुणी कितीही कळवळून म्हणालं तरी काही द्यायचं नाही.

सासूबाईंना हे सुरुवातीला पटलं नाही. त्यांच्या माहेरी पवनीकडे वाड्यातली कुत्री उरलंसुरलं खाऊनच वाढली. “चिमूटभर जायफळानं का होते?” असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. श्रीखंडातल्या चिमूटभर जायफळाने लगेच काही होईल असं नाही. पण जायफळात मिरिस्टिसिन असतं, ते कुत्र्याच्या मेंदूवर चढतं, आणि कुत्रं वाटी चाटून थांबत नाही, डबा फोडतं. त्यातच कुणी मनुका घातल्या असतील तर जायफळाचा प्रश्नच मागे पडतो.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांच्याबद्दल मी कुणाचंच ऐकून घेत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखाद्याची मूत्रपिंडं थोड्याशानेही निकामी होतात. किती सुरक्षित, हे आधी सांगता येत नाही. हे नेमकं कशामुळे होतं, ते बरीच वर्षं कोडंच होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्रातल्या तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या कुठल्या पदार्थाने कुत्र्यांची मूत्रपिंडं तशीच बिघडलेली पाहून त्यांना ही शंका आली होती. आणि टार्टारिक आम्ल म्हटलं की आपल्याकडे पहिली आठवते ती चिंच. तेव्हापासून चिंचेचं सार, चिंचगुळाचं पाणी, पाणीपुरीचं उरलेलं पाणी हे सगळं गोटूच्या वाट्यातून बाद झालं. मार्च-एप्रिलात नाशिकची द्राक्षं किलो-किलोने घरात येतात, ती धुऊन टोपलीत ठेवतात आणि टोपली खालच्या टीपॉयवर. आमच्याकडे ती टोपली फ्रीजवर असते.

तिसरी गोष्ट साखरेऐवजी वापरायच्या पदार्थांची, आणि तीही गमतीची नाही. सासऱ्यांना मधुमेह. त्यांच्यासाठी आणलेलं बिनसाखरेचं आइस्क्रीम कुत्र्याला बरं, असं कुणालाही वाटेल. घरातल्या चहात घालायच्या गोळ्यांत बहुधा ॲस्पार्टेम किंवा सुक्रालोज असतं, त्याचा एवढा धोका नाही. पण झायलिटॉल असेल तर जिवाशी गाठ. माणसाच्या शरीरात त्याने फारसं काही होत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ती साखरच वाटते, ते भसाभस इन्शुलिन सोडतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. प्रमाण जास्त असेल तर यकृतही जातं. च्युइंगम, मुखशुद्धीच्या गोळ्या, काही टूथपेस्ट, काही पीनट बटर यांत ते असू शकतं. लेबलवर झायलिटॉल लिहिलेलं नसेल तर ९६७ हा आकडा शोधायचा. परदेशी बाटल्यांवर ‘बर्च शुगर’ असंही लिहिलेलं असतं. चॉकलेट, कांदा, लसूण यांबद्दल आता बहुतेक कुत्रेवाल्यांना माहिती असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आंब्याचं दुःख वेगळं. गोटूला आंबा प्राणाहून प्रिय. सालीचा चीक त्याच्या तोंडाला खाजतो आणि कोय गिळली तर ती आतड्यात अडकते. डॉक्टर मॅडम सांगतात, मे महिन्यात पोट उघडून काढलेल्या वस्तूंत आंब्याची कोय ठरलेली. त्यामुळे रस काढून झाल्यावर कोयी मोजून, फडक्यात गुंडाळून, थेट बाहेरच्या कचऱ्यात जातात. त्याला मिळतं ते साखर न घातलेल्या रसाचे दोन चमचे, भरपूर पाण्यात ढवळून गोठवलेले. आंब्यात साखर टरबुजाच्या दुप्पट. त्याच्या वजनाला आणि वयाला दिवसाला साधारण अकराशे किलोकॅलरी पुरतात, त्यातल्या वरच्या खाऊतून दहा टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायच्या नाहीत असं डॉक्टर सांगतात. शंभर ग्रॅम टरबूज-दही मिश्रणाच्या पंचेचाळीसच्या आसपास होतात. तेवढ्याच वजनाच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या दोनशे. आणि सांधे धरलेल्या लॅबचं वजन वाढलं तर त्याला उठून पाण्यापर्यंत जाणं आणखी जड, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो चिकनच्या पाण्यावर. बिनहाडाचं अर्धा पाव चिकन, लिटरभर पाणी, बाकी काहीही नाही. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण तर नाहीच. मंद आचेवर तासभर. तुकडे काढून बोटांनी रेषा-रेषा सुटतील इतके बारीक करायचे, हाडाची कणी राहिली नाही ना ते चिमटीत दाबून पाहायचं. पाणी गाळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वर पिवळट तवंग घट्ट जमलेला असतो, तो चमच्याच्या कडेने अख्खाच्या अख्खा उचलून टाकायचा. ती चरबी राहू दिली तर वयस्क कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येण्याचं निमित्त होतं. खाली उरतं ते फिक्कट, किंचित थरथरणारं पाणी. त्यात रेषा घालून पसरट डब्यात बोटभर जाडीची वडी गोठवायची. बाजारातल्या सूपच्या पाकिटातून हे करायचं मनातही आणू नये. त्यात मीठ आणि कांद्याची पूड दोन्ही असतात.

बोटभर जाडी म्हणाले, त्याला कारण आहे. एकदा दवाखान्यात आमचा नंबर यायच्या आधी एक जर्मन शेफर्ड होता. त्याच्या मालकांची परवानगी घेऊन मॅडमनी मला आत बोलावलं आणि त्याचा वरचा ओठ उचलून दाखवला. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ, तिच्या बाहेरच्या बाजूचा पापुद्रा तिरका उडालेला आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका. ती दाताची नस होती, उघडी पडलेली. कुत्रा हूं की चूं करत नव्हता. रोज दुपारी त्याला पाण्याच्या बर्फाचे मोठाले खडे फोडायला द्यायचे, हौसेने द्यायचे, तो हौसेने फोडायचा. दाढ काढावी लागली. त्या दिवसापासून माझी परीक्षा ठरली: फ्रीजरमधून काढून पाच-सात मिनिटांनी वडीवर नख दाबायचं. ओरखडा उमटला तरच द्यायची. नुसतं पाणी गोठवलं तर उमटत नाही. दही, फळाचा गर, ताक असलं की बर्फाचे कण बारीक राहतात आणि वडी भुसभुशीत होते. ती पाच-सात मिनिटं आणखी एका कारणासाठी: फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या स्टीलच्या वाटीला ओली जीभ चिकटते. म्हणून साच्यातून काढून, साध्या ताटलीत. कुल्फीसारखी काडी तर कधीच नाही. कुत्रं वडीबरोबर काडीही गिळतं.

ताक मी एकास तीन पाणी घालून करते, जिरं-हिंग-मिरचीच्या आधीचं. दही लागताना दुधातली थोडी साखर जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे दूध न पचणाऱ्या पुष्कळ कुत्र्यांना दही-ताक पचतं. सगळ्यांना नाही, म्हणून पहिल्या दिवशी एक चमचा आणि दुसऱ्या दिवशी शी कशी झाली ते पाहायचं. काकडीचा शेंडा आधी मी चाखते, कडू असेल तर अख्खी काकडी बाद. लाल भोपळा वाफवून, कुस्करून. आणि ज्यांना यातलं काहीच करायला वेळ नाही, त्यांना मी सांगते ते सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं: त्याचं रोजचंच कोरडं खाणं मोजून घ्या, दुप्पट पाण्यात तासभर भिजवा, लगदा पोकळ रबरी खेळण्यात किंवा वाटीत भरून गोठवा. एकही कॅलरी वाढत नाही, नवं काही पोटात जात नाही, आणि पाणी मात्र आत जातं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याला एवढंच द्यावं. नारळपाणीसुद्धा त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दरवर्षी मे महिन्यात फोनवर एक निरोप फिरतो, की तापलेल्या कुत्र्याला बर्फ दिला की त्याचं पोट फुगतं, पीळ बसतो आणि ते मरतं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ बसतो हे खरं आणि तो फार भयंकर असतो. पण त्याचा संबंध घाईघाईने भरमसाट खाण्याशी, वयाशी, जातीशी, घराण्याशी दिसून आलाय. गार पाण्याशी किंवा बर्फाशी नाही. हा निरोप वाचून लोक कुत्र्यापुढचं गार पाणी उचलून ठेवतात, म्हणून मला त्याचा राग येतो.

मात्र याच्या उलटही एक चूक होते, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या शेजारी पग आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यांचा कूलर जन्मापासून अर्धा बंद. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, ऊन उतरलं म्हणून शेजारचा मुलगा त्याला घेऊन खाली गेला. ऊन उतरलं होतं, रस्ता उतरला नव्हता. पग फाटकापाशीच बसला, मग कलला. जीभ जांभळट, लांब बाहेर, घट्ट लाळेच्या तारा, हिरड्या विटेसारख्या लाल. मुलाची आई धावत माझ्याकडे आली, “वहिनी, तुमच्या फ्रीजमधलं ते गोटूचं द्या लवकर, त्याला खाऊ घालते.”

मी नाही म्हटलं. इतक्या जोरात धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती, आणि माझा अर्ध्या अंशाचा हिशोब मला पाठ होता. उष्माघातात अंगाला पाणी लागतं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, असं इंग्लंडच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातल्या संशोधकांचं सांगणं आमच्या मॅडमनी मला आधीच ऐकवलं होतं. त्या मुलाने बागेचा पाइप सुरू केला तर त्यातून गच्चीवरच्या टाकीचं पाणी, हात पोळेल असं. तो बंद केला. जमिनीखालच्या हौदातून बादल्या काढल्या, आमचा माठही रिकामा केला. पोटावर, काखेत, पायांच्या आतल्या बाजूंना, मानेवर सतत पाणी, नाकातोंडात जाणार नाही असं बघून. कुणीतरी ओला टॉवेल गुंडाळायला आणला, तो मी खाली अंथरायला लावला. वरून पांघरला असता तर अंगाची वाफ आतच कोंडली असती. पोर्चमध्ये टेबलफॅन ओढून त्याच्या तोंडावर लावला. मग गाडीचा एसी पूर्ण सुरू करून दवाखाना. तिथे पोचल्यावरही त्याचं तापमान १०५ फॅरनहाइटच्या वर होतं. कुत्र्याचं नेहमीचं १०१ ते १०२.५. सलाइन लागलं, रक्त तपासलं, आणि तो शुद्धीवर येऊन शेपटी हलवायला लागला तरी मॅडमनी त्याला लगेच सोडलं नाही. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया एक-दोन दिवसांनीही बिघडू शकते, म्हणून.

तो वाचला. त्यानंतर शेजारच्या वहिनींनी स्वतःहून शिकून घेतलं, आणि आता त्या मला विचारतात त्यापेक्षा जास्त मीच त्यांना विचारते. सकाळी सहाच्या आत फिरणं, संध्याकाळी हाताचा पालथा पंजा रस्त्यावर सात-आठ सेकंद ठेवून पाहणं, दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे अंग तापायच्या आधी, गोठवलेला वाटा देणं. धापा सुरू झाल्यावर नाही. धापा सुरू झाल्या की आधी सावली, पंखा, साधं पाणी. श्वास संथ झाल्यावर खाऊ.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या वर्षी गोटूची ताटली पाहून विचारलं होतं, “बाई, कुत्र्याले कुल्फी देऊन राहिले का?” मी त्यांना मिश्रण चाखायला दिलं. “हे तं अळणी हाये,” म्हणाल्या. मग त्यांच्या वस्तीतल्या काळ्या कुत्रीचं सांगितलं, नुकती व्यालेली, नालीतलं पाणी पिते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना दह्याच्या वड्या टाकू नयेत असं माझं मत आहे. एका वडीवर चार जणं तुटून पडतात, चावाचावी होते, आणि पिल्लांच्या आईला तर मुळीच मिळत नाही. त्यांना पाणीच द्यावं, पण ते गार राहील असं. मावशी आता सकाळी जाताना आमच्या फ्रीजरमधून एका मोठ्या डब्यात गोठवलेला पाण्याचा गोळा नेतात आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या मातीच्या कुंडीत सोडतात. गोळा एवढा मोठा की कुणी चावायला जात नाही, आणि कुंडी झिरपत असल्यामुळे पाणी दुपारपर्यंत तोंड लावण्याजोगं राहतं. रोज संध्याकाळी कुंडी उपडी करून घासायची, नाहीतर डासांच्या अळ्या. बर्फाच्या कारखान्यातली लादी मात्र आणायची नाही, हे मी त्यांना बजावलंय; मासळी वगैरे टिकवण्यासाठीचा तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.

मृग लागून पहिला पाऊस पडला की सगळे उन्हाळा संपला म्हणून मोकळे होतात, कूलरवर ताडपत्री पडते. पाऊस मग आठ-दहा दिवस दडी मारतो, पारा ३८ च्या आसपास आणि हवा चिकट. हेच दिवस मला जास्त काळजीचे वाटतात, कारण हवाच ओली असली की जिभेवरचं पाणी उडत नाही. गोटूला तेव्हा वाटा मिळतो, पण त्याबरोबर एसीची खोलीही मिळते. शेजारचा पग तर जून संपेपर्यंत दुपारी आमच्याच खोलीत झोपायला येतो, कारण त्यांच्याकडे एसी नाही. त्याची वाटी लहान: दोन चमचे ताक, काकडीचा कीस, थोडं पाणी, आणि ती वहिनी सकाळीच भरून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवून जातात.